खिडकीतली कुंभारीण

२ फेब्रुवारी, रविवार

ही बेटावर गेली त्याला महिना होत आला. निघताना म्हणाली होती, "रोज काहीतरी लिहीत जा रे, नाहीतर तू घरात आहेस हे तुझं तुलाच कळायचं नाही." शब्दकोशाच्या कचेरीत मी दिवसभर लिहीतच असतो. घरी येऊन पुन्हा लिहायचं जिवावर येतं. पण आज जेवून उठलो, ताट धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं आणि लक्षात आलं की तिचा फोन सोडला तर सकाळपासून मी तोंडातून एक शब्द काढलेला नाही. म्हणून ही वही.

आम्हाला मूल नाही. घरात दोघंच, आणि दोघंही आपापल्या अभ्यासात बुडालेली. माझा शब्दांचा, हिचा गांधीलमाश्यांचा. एका संशोधन केंद्राने तिला वर्षभरासाठी बोलावलं. त्या बेटावर वाळूत बिळं करून राहणाऱ्या माश्यांच्या मोठ्या वस्त्या आहेत म्हणे. तिने विचारलं तेव्हा मी लगेच जा म्हणालो. अभ्यास करणाऱ्याने दुसऱ्या अभ्यास करणाऱ्याला अडवू नये, असं माझं मत आहे.

तिथे एका टेकाडावर चढलं तरच फोन लागतो. रविवारी सकाळी ती चढते. आज तिने काय चाललंय विचारलं. मी सांगितलं की 'क' अक्षर अजून संपत नाही आणि गीझर दुरुस्त झाला. "अजून?" म्हणाली. मी म्हणालो, बाकी ठीक. मग आम्ही दोघंही वारा ऐकत राहिलो, तिच्याकडचा. फोन ठेवल्यावर घर खायला उठलं.

६ फेब्रुवारी

अभ्यासिकेच्या खिडकीला, आतल्या बाजूने, चौकटीच्या कोपऱ्यात चिखलाचा गोळा लागलेला दिसला. ओलं फडकं घेऊन पुसायला गेलो तर गोळ्याला गळा होता. चक्क मडकं, गोटीएवढं, काठ बाहेर वळवलेला. फडकं हातात धरून उभा होतो तेवढ्यात मालकीण आली. काळी-पिवळी, कंबर दोऱ्यासारखी, तोंडात ओल्या मातीची गोळी. एरवी अशा पाहुण्यांना मी वर्तमानपत्राच्या घडीने निरोप देतो. आज हात वर गेला नाही. खरं कारण लिहितो, इथे कोण वाचणार आहे. रविवारी फोनवर सांगायला काहीतरी होईल, हे पहिल्यांदा मनात आलं.

९ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. ही झोपेतून उठवल्यासारखी बोलू लागली. काठ कसा आहे, माती कुठून आणते, आत अंडं घातलं का. मला एकाचंही उत्तर देता येईना. तेव्हा तिनेच सांगितलं की ही कुंभारीण आधी अंडं घालते, मडक्याच्या छताला धाग्याने टांगून. मग अळ्या आणून भरते. त्या मेलेल्या नसतात, नुसत्या लुळ्या केलेल्या असतात, पिल्लाला ताजं खायला मिळावं म्हणून. मग तोंड लिंपून निघून जाते, पिल्लाचं तोंडही न बघता. "तू बघ ना नीट," म्हणाली, "तुझ्या नाकासमोर चाललंय सगळं."

बोलणं इतकं लांबलं की माझा चहा गार झाला. शेवटी ती म्हणाली, "मी इतक्या लांब आले, आणि ती माझ्या घरात जाऊन बसली." मी म्हणालो, काळजी करू नकोस, खिडकी उघडी ठेवीन. यावर ती काही बोलली नाही. बहुतेक वाऱ्यात ऐकू गेलं नसावं.

१३ फेब्रुवारी

माती कुठून येते ते शोधून काढलं. परसातल्या गळक्या नळाखालून. हा नळ दुरुस्त करून घे म्हणून ही दोन वर्षं माझ्या मागे लागली होती, आणि नेमका आज नळवाला उगवला. मी त्याला परत पाठवलं. म्हटलं, राहू दे, गळायलाच हवा. तो आधी नळाकडे आणि मग माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "गळतंय ते नळातूनच ना, साहेब?"

चिखल थापताना ती गुणगुणते. खोटं वाटेल, पण कान जवळ नेला की स्पष्ट ऐकू येतं. माती नेऊन लावेपर्यंत गप्प, लावू लागली की सूर. दुसरं मडकं पहिल्याला चिकटून उभं राहतंय. कचेरीत जायला उशीर झाला.

याच परसात ही तासन्‌तास उकिडवी बसलेली असायची, माझ्याकडे पाठ करून. मी खिडकीतून जेवायला हाक मारायचो. ती मागे न बघता हात वर करायची, म्हणजे थांब. मी थांबायचो, वर, खिडकीत.

१८ फेब्रुवारी

ताई आली होती. ताई माझी मोठी बहीण, दोन गल्ल्या पलीकडे राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली, पण अजूनही समोरच्या माणसाकडे बेरीज चुकल्यासारखं बघते. खिडकीपाशी खुर्ची, खुर्चीवर उशी आणि हातात भिंग बघून म्हणाली, "बायको गेली बेटावर, आणि तू माश्या पाळायला लागलास." मी तिला समजावलं की हे सगळं हिच्यासाठी आहे, रविवारी तिला तपशील लागतात. ताई म्हणाली, "तिला तपशील लागतात हे तुला कोणी सांगितलं?" ताईला शास्त्रातलं काही कळत नाही. जाताना मात्र तिने भिंगातून बघितलं, आणि बराच वेळ बघितलं.

२ मार्च, रविवार

तीन मडकी झाली, त्यावर मातीचा एक थर फिरला आणि कुंभारीण गेली ती गेलीच. आता वाट बघायची. हिला विचारलं, किती दिवस लागतील? म्हणाली, नेम नसतो, उकाड्यावर असतं. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये कोशाला सुट्टी असते ना तुमच्या? ये की इकडे." मी म्हणालो, यायला आवडलं असतं, पण नेमकी तेव्हाच मडकी फुटली तर? इतकं करून शेवटचं दृश्य हुकायचं. ती जरा थांबून म्हणाली, "हो, ते बघायलाच हवं." तिला पटलं म्हणून बरं वाटलं. दुसऱ्या कोणी वेड्यात काढलं असतं.

४ मार्च

संपादक मंडळाची बैठक. आमचे प्रधान संपादक, ज्यांना सगळे पाठीमागे कात्रीसाहेब म्हणतात, त्यांच्यापुढे मी 'कुंभारीण'ची नवी नोंद ठेवली. जुन्या आवृत्तीत आहे: '१. कुंभाराची बायको. २. एक प्रकारची माशी.' ही माशीच काय, झाडं, पाखरं, गवतं, सगळ्यांची आम्ही 'एक प्रकारचा', 'एक प्रकारची' म्हणून बोळवण केली आहे. ही नेहमी हसायची, म्हणायची, तुमच्या कोशात अर्धी सृष्टी एक प्रकारची आहे. मी या वेळी अर्धं पान लिहिलं होतं. काठाचा घाट, टांगलेलं अंडं, गुणगुणणं, सगळं. साहेबांनी चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचलं, हे कबूल करायला हवं. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "हा कोश आहे. प्रेमपत्र नव्हे." सगळे हसले. मीही हसलो. माशीला कोण प्रेमपत्र लिहितो.

नोंद दोन ओळींची झाली. 'एक प्रकारची' मात्र मी काढायला लावलं.

९ मार्च, रविवार

मोठी बातमी. केंद्राने हिला कायमची जागा देऊ केली आहे. तिच्या सगळ्या आयुष्याचा अभ्यास ज्याच्यासाठी होता ते तिला मिळतंय. तिने विचारलं, "काय करू?" मी क्षणभरही न घुटमळता म्हणालो, तुझं काम, तू ठरव. मी मध्ये येणार नाही. ती म्हणाली, "तू मध्ये येणार नाहीस, हे मला माहीत आहे." आवाज जरा लांबून आल्यासारखा वाटला. तिथला फोन असाच आहे.

नंतर जेवण गेलं नाही. पित्त झालं असेल.

१९ मार्च

मधल्या मडक्याला भोक पडलं आणि त्यातून बाहेर आलं ते काय वर्णावं. हिरवं, निळं, धातूसारखं चमकणारं, जणू कोणी आतून दिवा लावलाय. काळ्या-पिवळ्या आईच्या पोटी असं लेकरू. ते चौकटीवर बसून पंख पुसत होतं आणि मी श्वास रोखून बघत होतो. उडून गेलं तेव्हा मी वळून हाक मारली. हिच्या नावाने. घरात कोणी नाही हे हाक मारून झाल्यावर आठवलं.

मग स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी लावत बसलो.

२३ मार्च, रविवार

फोन आला नाही. दुपारपर्यंत बाहेर पडलो नाही, संध्याकाळीही नाही. नव्या जागेच्या कामात असेल. इतकं सांगण्यासारखं असताना नेमका आजच. तिच्या जागी मी असतो तर चढलो असतो टेकाड.

३० मार्च, रविवार

आज आला. तिला धाप लागली होती. आमचं वय झालं, दुसरं काय. मी पहिल्यांदा हिरव्या माशीचंच सांगितलं, दहा दिवस साठवून ठेवलं होतं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "अरे, ती तिचं पिल्लू नव्हे. ती परकी. मडकं उघडं असताना येते, आपलं अंडं ठेवून जाते. तिच्या अळीने आतलं सगळं संपवलं असणार. कुंभारणीचं पिल्लू कधीच गेलं." मी म्हणालो, पण मी रोज खिडकीत होतो, मला कशी दिसली नाही? म्हणाली, "तू मडक्याकडे बघत होतास."

आणि मग ती रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिला किड्यासाठी रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, अजून दोन मडकी शिल्लक आहेत. ती म्हणाली, "मी त्या जागेला हो म्हटलंय." मी अभिनंदन केलं. खरोखर मनापासून केलं. ठेवते म्हणाली.

५ एप्रिल

ताईला बातमी सांगितली. तिने हातातला कप खाली ठेवला. मग जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

"ती जायला निघाली तेव्हा तू काय म्हणाला होतास?"

"जा म्हणालो. अडवायचं कशाला?"

"अडवायचं कोण म्हणतंय? निघायच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली होती. स्वयंपाकघरात बसून म्हणाली, ताई, त्याने नुसतं तोंडदेखलं जरी म्हटलं असतं ना, की तुझ्यावाचून माझं कसं होणार, तरी मी आनंदाने गेले असते. आता जाते आहे, पण घरातून कोणीतरी काढून दिल्यासारखी जाते आहे."

मी विचारलं, हे तू मला तेव्हाच का सांगितलं नाहीस. ताई म्हणाली, "मला वाटलं, तुझं तुला कळेल. बेरीज सोपी होती."

ती गेल्यावर मी खिडकीपाशी बसलो, पण मडक्यांकडे बघवलं नाही.

९ एप्रिल

कचेरीत मागच्या पानांची मुद्रितं तपासायला आली. 'करमणे : मन रमणे, वेळ सुखाने जाणे. (बहुधा नकारार्थी योजतात.)' ही नोंद माझीच, दोन वर्षांपूर्वीची. तिच्यात एक स्वल्पविरामही चुकलेला नाही. त्या ओळीवर बोट ठेवून मी किती वेळ बसलो कोण जाणे. कात्रीसाहेबांनी येऊन विचारलं, काय सापडलं? मी म्हणालो, मला रजा हवी आहे. किती दिवसांची? मी म्हणालो, माहीत नाही. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त मुद्रितं माझ्या हातून घेतली.

ताईला किल्ली दिली आणि खिडकी उघडी ठेवायला सांगितली. पिल्लं केव्हा निघायची तेव्हा निघोत.

१३ एप्रिल, रविवार

बोटीत पोटातलं सगळं बाहेर पडलं. येतोय हे तिला कळवायला मार्ग नव्हता. तिचा फोन येण्याआधीच मी निघालो होतो आणि धक्क्यावर कोणीच नव्हतं. केंद्र म्हणजे पत्र्याची चार खोपटं. तिथल्या स्वयंपाकीण बाईंनी वाळूच्या पट्ट्याकडे हात केला.

ती लांबूनच ओळखू आली. उकिडवी, माझ्याकडे पाठ, डोक्यावर कोणाची तरी मोठी टोपी. मी जवळ जाऊ लागलो तशी ती मागे न बघता हात वर करून म्हणाली, "पुढे येऊ नका, सावली पडते." मी थांबलो. ऊन चांगलंच होतं. तिच्यापुढे वाळूत एक माशी बीळ उकरत होती, आणि वाळू मागे उडत होती. इतकी वर्षं मी वरून खिडकीतून पाहिलं ते हेच, पण तिथून तिची मान दिसत नसे. किती बारीक झाली आहे. कानामागची कातडी सोलली आहे. माशी आत गेली तेव्हा तिने वळून बघितलं.

मग उठली, आणि उठताना डाव्या पायावर भार देईना. मी विचारलं, हे काय झालं? म्हणाली, मागल्या महिन्यात टेकाडावरून घसरले, घोटा सुजला होता, आता बरा आहे. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन आला नाही तो रविवार. आणि त्याच्या पुढचा, धापा टाकत आलेला. त्या पायाने ती चढली होती, आणि मी तिला हिरव्या माशीचं वर्णन ऐकवत होतो.

"सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस. आणि तू इतका खुशीत होतास."

येताना मी बोटीत वाक्यं जुळवली होती. चांगली वाक्यं होती, उलटीबरोबर गेली. मी एवढंच म्हणालो, "मला करमत नाही."

"कधीपासून?"

"तू गेलीस तेव्हापासून. त्याच्या आधीपासूनही असेल, मला नक्की सांगता येत नाही."

"हे फोनवर सांगता आलं नसतं?"

"फोनवर दर रविवारी कुंभारीण होती."

ती हसेल असं वाटलं होतं. ती वाळूत बसली आणि टोपी तोंडावर ओढून घेतली. मी शेजारी बसलो. या वेळी सावली पडली तरी तिने काही म्हटलं नाही.

१७ एप्रिल

बोलणं सोपं झालं आहे असं नाही. काल भांडलो. तिने सरळ सांगितलं, "मी जागा सोडणार नाही. तू परत न्यायला आला असलास तर शनिवारची बोट आहे." मी म्हणालो, न्यायला आलेलो नाही. "मग कशाला आलास?" या प्रश्नाचं उत्तर मला चालता चालता द्यावं लागलं, कारण ती लंगडत पुढे निघाली होती. म्हणालो, मला घरी जायचंच आहे, पण तू नसलीस तर त्या जागेला घर म्हणायला जीभ वळत नाही. ती वळली नाही. पण चालणं हळू केलं.

सकाळी तिच्याबरोबर जातो. मी उपयोगाचा नाही, समोरून गेलेली माशीसुद्धा मला उशिरा दिसते. तरी ती मधूनमधून विचारते, काय दिसलं? मी सांगतो. परवा म्हणालो, तू काम करताना जीभ दाताखाली धरतेस. ती म्हणाली, मी माशीबद्दल विचारलं होतं. पण पुढचा तासभर जीभ सांभाळून होती.

१९ एप्रिल, शनिवार

बोट आली, गेली. मी धक्क्यावर गेलो होतो, कात्रीसाहेबांना पाठवायचं पत्र द्यायला. उरलेलं काम इथून करू द्या, अशी विनंती आहे. मला बोटीकडून परत येताना बघून तिने चुलीवरच्या चहात आणखी एक पेला पाणी ओतलं. बाकी काही नाही.

३ मे

साहेबांचं उत्तर आलं. सहा महिने परवानगी, मुद्रितं बोटीने येतील, उशीर चालणार नाही. खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'बेटावरच्या जिवांच्या नोंदी जरा आखूड ठेवाव्यात.' ही पत्र वाचून पहिल्यांदा मोठ्याने हसली. सहा महिन्यांनंतर काय, हे दोघांनीही विचारलं नाही. मला मनातून ते सारखं टोचतं. तिलाही टोचत असावं, कारण ती हल्ली मध्येच माझ्याकडे बघते आणि विचारलं की काही नाही म्हणते. आता मी दोनदा विचारतो.

६ मे

बेटाच्या पलीकडच्या टोकाला माश्यांची नवी वस्ती सापडली आहे. ही आज सकाळी तिकडे गेली, काही दिवस तिथेच तंबूत राहणार. माझी मुद्रितं कालच्या बोटीने आली आहेत, त्यामुळे मला जाता येत नाही.

निघताना तिने पिशवी खांद्याला लावली, पायाची पट्टी आवळली, मला डब्यातलं पीठ कुठे आहे ते सांगितलं. मी मुद्रितावरून मान वर न करता नेहमीप्रमाणे म्हणणार होतो, ये जाऊन. तेच तोंडात आलं होतं. पेन खाली ठेवून उठलो आणि दारापर्यंत गेलो.

"लवकर ये," म्हणालो. "तू नसलीस की मला फार जड जातं."

ती पायरीवर थांबली. चुकीचं ऐकल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. पिशवीचा पट्टा खांद्यावरून घसरत होता, तोही तिने सावरला नाही.

"पुन्हा म्हण," म्हणाली.

मी पुन्हा म्हणालो.